छातीवरचा पट्टा : उंचीवरच्या कामासाठी घेतलेल्या सुरक्षा हार्नेसविषयी

मिरजेतील आमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) गेल्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दिवसांत आपल्या जुन्या उपासनामंदिराचे छप्पर आणि घंटेचा मनोरा दुरुस्त करून घेतला. त्या कामासाठी सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला असलेल्या एका दुकानातून अंगभर बांधायचे दोन सुरक्षा हार्नेस, त्यांच्या दुहेरी दोऱ्या आणि हनुवटीखाली बांधायच्या पट्ट्याची दोन हेल्मेटे आम्ही घेतली. मंडळीचा खजिनदार या नात्याने ही खरेदी माझ्याकडे होती, आणि दोन महिन्यांच्या वापरानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एका नगात दोष निघाला होता. तो दूर करून मिळाल्यावर नावानिशी बोभाटा करणे मला बरे वाटत नाही.

एकूण खर्च सुमारे 7,500 रुपये झाला. छपराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नव्हती, त्यामुळे कमिटीच्या बैठकीत कौले, वासे आणि रंग यांवर झाली नाही एवढी चर्चा या दोन पट्ट्यांवर झाली. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्या भक्तीविषयी मला आजही आदर आहे, म्हणाले, ‘देवाच्या घराचे काम आहे, देव सांभाळील.’ या वाक्याला विरोध करायला कोणाची जीभ रेटेना. शेवटी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर उभे केले आणि ‘खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील’ असे सांगितले. त्यासाठी त्याने आधार दिला तो 91 व्या स्तोत्राचाच होता. येशूने उडी टाकली नाही, देवाची परीक्षा पाहू नये एवढेच उत्तर दिले. पाळकसाहेब पुढे हळूच म्हणाले, ‘आणि इथे तर उडी आपण टाकणारही नाही, टाकणार तो रंगारी.’ त्यानंतर खर्च मंजूर व्हायला फार वेळ लागला नाही.

मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय येथे 1894 साली सुरू झाले, तेव्हापासून दूरदूरचे मोडलेले हातपाय या गावात येत आले आहेत. अशा गावात राहूनही, माणूस वरून पडू नये यासाठी लागणारी वस्तू कोठे मिळते हे मला वयाच्या 66 व्या वर्षापर्यंत माहीत नव्हते, याचे मला त्या दुकानाच्या पायरीवर उभे असताना पहिल्यांदा नवल वाटले.

दुकानाबद्दल आधी सांगतो, कारण वस्तूपेक्षा दुकानदारामुळे आमचे पैसे सार्थकी लागले. मी जाऊन ‘दोन सेफ्टी बेल्ट द्या’ म्हटल्यावर त्याने माल काढलाच नाही. त्याने उलट मलाच विचारले, काम किती उंचीवर आहे, छप्पर उतरते आहे की सपाट, माणसाचे वजन किती, आणि दोरी अडकवणार कशाला? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाजारात नुसता कंबरेचा पट्टा निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि आपल्याकडचे बहुतेक ठेकेदार तोच घेतात, हे त्याने सांगितले, पण तो घेऊ नका असेही बजावले. कंबरेच्या पट्ट्याने माणूस जमिनीवर आदळण्यापासून वाचला तरी सगळा झटका पोटावर आणि पाठीच्या कण्यावर येतो आणि तो मधोमध दुमडून लटकतो. अंगभर हार्नेसमध्ये तोच झटका मांड्या, कंबर आणि खांदे यांवर वाटला जातो, आणि दोरी पाठीवर दोन खांद्यांच्या मधल्या कडीला असल्याने माणूस उभा राहतो. दोरीच्या हार्नेसकडच्या टोकाला एक शिवलेली पिशवी असते. झटका बसला की तिच्यातली शिलाई टप्प्याटप्प्याने उसवत जाते आणि जोर शोषून घेते, त्यामुळे अंगावर येणारा भार 6 किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण 600 किलो वजनाच्या आत राहतो. हा आकडा ऐकून मी क्षणभर गप्प झालो. सत्तर किलोचा माणूस, आणि हे सगळे साहित्य वापरूनही त्याच्या अंगावर एवढा भार येऊ शकतो. मग नुसत्या काथ्याच्या दोरीने बांधून घेणाऱ्यांचे काय होत असेल, हे मी त्याला विचारले नाही.

हार्नेसवर भारतीय मानक 3521 चा उल्लेख, उत्पादनाचा महिना आणि नगाचा क्रमांक अशी शिवलेली चिठ्ठी आहे. पट्टा पॉलिस्टरचा, सुमारे दीड इंचाहून थोडा रुंद, आणि शिलाईचा दोरा पट्ट्याच्या रंगाहून वेगळा, म्हणजे एखादा टाका निघाला तर चटकन दिसतो. वजन सव्वा किलोच्या आसपास भरले. माहितीपत्रक मात्र फक्त इंग्रजीत आहे, आणि तेही इतक्या बारीक अक्षरांत की मला भिंग लागले. ज्याच्या जिवासाठी ती वस्तू बनवली आहे त्याला ते वाचता येणार नाही, ही या उत्पादनाची माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. मी त्यातील मुख्य सूचना मराठीत वहीच्या एका पानावर उतरवल्या आणि मंदिराच्या मागच्या खोलीत चिकटवल्या.

आता दोषाविषयी. दोन्ही हार्नेस मी घरी आणून, शर्टावर चढवून पाहिले. हे लिहायला थोडा संकोच वाटतो, पण पत्नीने काढलेला माझा फोटो नातवंडांत बराच फिरला. त्या वेळी एका नगाचा छातीवरचा पट्टा बकलातून घसरत असल्याचे ध्यानात आले. घट्ट ओढावा, दोन-चार वेळा हात वर करावेत, की तो तीन बोटे सैल होई. मला आधी वाटले, छातीवरचा पट्टा म्हणजे शोभेचा. वजन काही त्यावर येत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने तो पट्टा मोकळा सोडून मला पुढे वाकायला सांगितले आणि मागून दोन बोटांनी खांद्यावरचे पट्टे बाजूला सारले. ते दंडावरून अलगद खाली आले. माणूस सरळ उभा पडत नाही. तो कलंडतो, पाठीवर जातो, डोके खाली होते. अशा वेळी खांद्यांवरचे दोन पट्टे एकमेकांजवळ धरून ठेवणारी वस्तू एकच, छातीवरचा हा वीतभर पट्टा. तो सैल असेल तर हार्नेस दोरीला लटकत राहतो आणि माणूस त्यातून निसटून जातो. फार वर बांधला तर गळ्याशी येतो, फार खाली बांधला तर निरुपयोगी. छातीच्या मध्यावर, हृदयापाशीच तो असावा लागतो. दुकानदाराने काही न कुरकुरता नग बदलून दिला.

त्या रविवारी उपासनेत नीतिसूत्रांचा चौथा अध्याय वाचला गेला, हा योगायोगच. जपायच्या सर्व गोष्टींत अंतःकरण आधी जपावे, कारण जीवनाचा उगम तेथून होतो, हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्याचा अर्थ वाईट विचार, मोह, मत्सर यांना मनात शिरू न देणे असाच घेत आलो आहे. पण त्या वचनाच्या पुढच्या चार ओळी आपण सहसा वाचत नाही. त्यांत अंतःकरणानंतर लगेच तोंडाविषयी सांगितले आहे, मग डोळ्यांविषयी, आणि मग पायांविषयी, की पावलांपुढची वाट सपाट करावी. म्हणजे अंतःकरण राखले आहे की नाही हे पाहायचे असेल तर आधी तोंडातून काय निघते ते पाहावे, आणि शेवटी पाय कोठे पडतात ते. छातीवरचा पट्टा सैल झाला की खांद्यावरचे, मांडीवरचे चांगले शिवलेले पट्टेही कामाचे राहत नाहीत, हे मी आदल्याच दिवशी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून ते वाचन त्या दिवशी मला वेगळे ऐकू आले.

माझ्या तोंडातून काय निघाले होते ते येथे सांगितले पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी मी माझ्याच घराची मंगलोरी कौले बदलायला एक कारागीर लावला होता. पट्टा नाही, पायाड नाही, शेजाऱ्याकडून आणलेली बांबूची शिडी. वळचणीपाशी वासा दबला आणि तो अंगणात टाचेवर पडला. टाचेचे हाड मोडले, तीन महिने घरी बसला. रुग्णालयाचा खर्च मी दिला, त्याच्या घरी धान्य पोचवले, आणि पुढच्याच रविवारी मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिली की प्रभूने माझ्या अंगणात एक जीव वाचवला. लोकांनी आमेन म्हटले. कौले शिल्लक होती ती दुसऱ्या माणसाने बसवली, त्याच शिडीवरून. ज्या शास्त्राचे मी नाव घेत होतो त्यातच, बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात, नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे स्पष्ट लिहिले आहे. तेथे पडणाऱ्याने सावध राहावे असे म्हटलेले नाही. जबाबदारी घराच्या मालकाची आहे. ती ओळ मी तोवर किती वेळा वाचली असेन, पण ती मला जुन्या इस्राएलातल्या घरबांधणीची बाब वाटत आली होती.

आम्ही ख्रिस्ती लोक त्यागाविषयी पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे, कारण आमच्या विश्वासाचा मध्यबिंदू वधस्तंभ आहे. पण वधस्तंभावर येशूने स्वतःला दिले, शेजाऱ्याला नाही. दुसऱ्याच्या जिवावर आलेल्या संकटाला आपण त्याग असे नाव दिले की आपली सुटका होते. याबाबतीत मला बायबलातील दावीद राजाची एक गोष्ट फार मोलाची वाटते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात तो गुहेत आहे, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे आहे, आणि तो सहज बोलून जातो की वेशीजवळच्या त्या विहिरीचे पाणी कोणी आणून दिले तर! त्याचे तीन वीर शत्रूची फळी फोडून जातात आणि पाणी घेऊन येतात. दावीद ते पीत नाही. जे लोक जिवावर उदार होऊन गेले त्यांचे हे रक्तच आहे, असे म्हणून तो ते परमेश्वरापुढे ओततो. प्रवचनांत या तीन वीरांची निष्ठा नेहमी वाखाणली जाते. मला मात्र ते पाणी हातात धरलेला आणि आपल्याच एका बोलण्याने काय घडवले हे कळून थबकलेला दावीद दिसतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले, जेथे धोक्याची पातळी 45 फूट धरतात. त्या वेळी मी बहिणीकडे सांगलीत अडकलो होतो, पहिल्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी गल्लीतली दोन पोरे ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पिण्याच्या पाण्याचा कॅन बांधून, कमरेला नायलॉनची दोरी लावून आमच्या खिडकीशी आली. ‘काका, धरा लवकर, मागं पाणी लई वढतंय,’ एवढेच म्हणाली. मी कॅन ओढून घेतला, तांब्या भरला आणि प्यायलो. पाणी ओतून देण्याचा तो प्रसंग नव्हता, घरात लहान मुले होती. पण त्या पोरांच्या कमरेची दोरी कशाला बांधली होती, दुसरे टोक कोणाच्या हातात होते, हे मी विचारायला हवे होते. हार्नेस घेताना दुकानदाराने मला तोच प्रश्न केला, ‘दोरी अडकवणार कशाला?’

या प्रश्नाचे उत्तर काढायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि असा हार्नेस घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावे. वस्तू कितीही चांगली असली तरी ती ज्याला बांधायची तो आधार भक्कम नसेल तर पैसे वाया गेले. जुने वासे वरून शाबूत दिसत होते, पण दोन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला. शेवटी मनोऱ्याच्या दगडी भिंतीतून आरपार जाणाऱ्या लोखंडी तुळईला आडवी दोरी बांधली. दुसरी गोष्ट उंचीची. दोन मीटरची दोरी, तिच्यातली पिशवी पूर्ण उसवली तर आणखी जवळपास पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर मोकळी जागा धरली तर आधाराच्या खाली सहा मीटरहून अधिक अंतर लागते. आमची वळचण जमिनीपासून साडेचार मीटरवर आहे. म्हणजे तेथे पायाखालच्या पातळीवर दोरी अडकवून काम केले असते तर हार्नेस घातलेला माणूसही फरशीवर आदळला असता. त्यामुळे वळचणीचे काम पायाड बांधूनच केले आणि हार्नेस फक्त आढ्यावर आणि मनोऱ्यावर वापरला. हे माहितीपत्रकात आकृतीसह दिलेले आहे, पण दुकानात येणारे किती जण ते उघडतात कोण जाणे.

वापरणाऱ्याचे मत सर्वांत महत्त्वाचे. आमचा रंगारी पंचविसेक वर्षे पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांच्या चिमण्या रंगवत आला आहे. पहिल्या दिवशी त्याने हार्नेस हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘सर, ह्यात गुतल्यागत हुतंय. हात मोकळा नको का?’ मी त्याला आग्रह केला, पण उपदेश केला नाही. उपदेश करण्याची माझी पात्रता नव्हती. मनोऱ्याच्या दुसऱ्या टप्प्यावर गेल्यावर त्याला दुहेरी दोरीचा उपयोग कळला. एक हूक पुढच्या आधाराला लागल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, म्हणजे जागा बदलतानाही माणूस क्षणभर सुद्धा सुटा राहत नाही. चौथ्या दिवशी तो चहा पिताना म्हणाला, ‘आता दोनी हातांनी ब्रश मारतोय. आधी एक हात कायम धरायलाच जायचा.’ काम त्यामुळे लवकर झाले, असेही त्याचे म्हणणे पडले. तक्रारी त्याच्याही आहेत. मांडीचे पट्टे उन्हात घामाने काचतात, आणि ‘सर्वांना बसेल’ अशा एकाच मापाचा हा हार्नेस त्याच्यासारख्या किरकोळ अंगाच्या माणसाला मोठा होतो. पट्ट्यांची उरलेली शेपटे लोंबतात आणि रंगाच्या डब्यात बुडतात. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात जावा पण मूठ जाऊ नये, ही खूण आम्ही पाळली, तरी शेपटे गुंडाळून रबर लावावेच लागले. ज्यांना शक्य असेल त्यांनी लहान माप मागून घ्यावे. दुकानदार ते मागवून देतो, आठवडा लागतो.

निगेबद्दल थोडेसे. पट्टा उलट्या यूसारखा वाकवून कडेचे धागे तुटले आहेत का हे दर वेळी पाहायचे. साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. थिनर, टर्पेंटाइन लागू द्यायचे नाही, आणि रंगाऱ्याला तेच समजावणे सर्वांत अवघड गेले. पट्ट्यावर मार्कर पेनाने नावही लिहायचे नाही. मी ‘मंडळीची मालमत्ता’ असे लिहायला निघालो होतो. आणि एकदा जरी त्यात कोणी पडला, तरी तो हार्नेस वरून कितीही नवा दिसो, कापून टाकून द्यायचा.

किमतीच्या मानाने मी या हार्नेसला समाधानकारक म्हणेन, उत्तम म्हणणार नाही. बकलाचा दोष कारखान्यातच पकडला जायला हवा होता, कारण सांगलीच्या दुकानात येणारा प्रत्येक जण घरी जाऊन तो शर्टावर घालून पाहणार नाही. मराठी माहितीपत्रकाची मागणी मी दुकानदारामार्फत लेखी पाठवली आहे. दुकानाला मात्र मी निःसंकोच पैकीच्या पैकी गुण देईन.

छपराचे काम ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पुरे झाले. हार्नेस आता मागच्या खोलीत, पाळकसाहेबांच्या झग्याच्या शेजारच्या खुंटीवर, उन्हापासून दूर टांगलेले असतात. गेल्या महिन्यात जवळच्या एका देवळाच्या शिखराला रंग द्यायचा होता म्हणून तेथील मंडळींनी ते मागितले, त्यानंतर एका शाळेने मागितले, म्हणून आम्ही एक वही घातली आहे. तारीख, नेणाऱ्याचे नाव, कोणते काम, आणि परत आल्यावर छातीचे बकल तपासले का, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना आमच्या रंगाऱ्याने सुचवला : कुणी पडलं का. आतापर्यंत पाच नोंदी झाल्या आहेत, आणि त्या रकान्यात पाचही वेळा ‘नाही’ असे, प्रत्येक वेळी वेगळ्या हस्ताक्षरात, लिहिलेले आहे.